अणुबॉम्बची वाट शोधणारे आणि मग तोच रोखायला धडपडणारे लिओ सिलार्ड कोण होते?

'ओपनहायमर' सिनेमा पाहिला असेल, तर त्यात बॉम्बच्या वापराविरुद्ध सह्या गोळा करणारा एक शास्त्रज्ञ थोडा वेळ दिसतो. ते लिओ सिलार्ड. गंमत म्हणजे अणुबॉम्बची मूळ कल्पना पहिल्यांदा सुचली ती त्यांनाच!

लंडनच्या रस्त्यावर सुचलेली कल्पना

सिलार्ड यांचा जन्म १८९८ साली बुडापेस्टमधल्या ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनमध्ये ते आइनस्टाइन यांच्यासोबत काम करायचे. दोघांनी मिळून एका फ्रिजचं पेटंटही घेतलं होतं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि सिलार्ड यांनी जर्मनी सोडली.

त्याच वर्षी लंडनमध्ये रस्ता ओलांडताना त्यांच्या डोक्यात एक विचार आला. एका न्यूट्रॉनने अणू फुटला, त्यातून दोन न्यूट्रॉन निघाले, त्यांनी आणखी दोन अणू फोडले तर? हीच साखळी प्रक्रिया. त्यातून प्रचंड ऊर्जा निघेल आणि बॉम्बही बनेल, हे त्यांनी ओळखलं.

१९३४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ते गुप्त राहावं म्हणून १९३६ मध्ये ब्रिटिश नौदल खात्याच्या हवाली केलं. अण्वस्त्रांचा प्रसार रोखण्याचा हा बहुधा पहिलाच प्रयत्न. तोही बॉम्ब बनण्याच्या नऊ वर्षं आधी.

मग बॉम्ब बनवायला सांगितलं कोणी?

त्यांनीच. १९३८ च्या अखेरीस जर्मनीत युरेनियमचा अणू फुटल्याचा शोध लागला. सिलार्ड तेव्हा अमेरिकेत होते. अशा संशोधनाचे निष्कर्ष छापू नका, अशी गळ त्यांनी सहकाऱ्यांना घातली. पॅरिसमधल्या फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी ऐकलं नाही आणि एप्रिल १९३९ मध्ये आकडे छापून आले. एकाने जरी नियम पाळला नाही, तरी बाकीच्यांचं गप्प बसणं फुकट जातं, हा धडा तिथेच मिळाला.

हिटलरच्या हाती आधी बॉम्ब लागला तर काय, या भीतीने त्यांनी आइनस्टाइन यांना गाठलं. त्यातून २ ऑगस्ट १९३९ चं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेलं प्रसिद्ध पत्र तयार झालं. पुढे २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो विद्यापीठात पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया घडली, तेव्हा एन्रिको फर्मी यांच्यासोबत सिलार्डही तिथे होते.

सत्तर सह्यांचा अर्ज

मे १९४५ मध्ये जर्मनी हरली. ज्या भीतीने बॉम्ब बनवायला घेतला, ती संपली होती. तरीही काम थांबेना. आपण बॉम्ब वापरला तर उद्या रशियाही तो बनवेल आणि शर्यत सुरू होईल, अशी चिंता सिलार्ड यांना होती. जुलैमध्ये त्यांनी ७० शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. तो राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली. चार वर्षांत रशियानेही अणुचाचणी केली.

ख्रुश्चेव्ह यांना भेट म्हणून रेझर

युद्धानंतर सिलार्ड जीवशास्त्राकडे वळले, पण हा विषय सोडला नाही. १९५७ मध्ये कॅनडातल्या पगवॉश गावात दोन्ही गटांतले शास्त्रज्ञ एकत्र बसले, त्यात ते होते. ही परिषद आधी दिल्लीत व्हायची होती.

१९६० मध्ये कॅन्सरवर उपचार चालू असताना ते न्यूयॉर्कमध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना भेटले. सोबत दाढीचं रेझर भेट म्हणून नेलं होतं! गैरसमजातून युद्ध पेटू नये म्हणून दोन्ही राजधान्यांमध्ये थेट संपर्क असावा, हा मुद्दा त्यांनी मांडला. १९६३ मध्ये अशी हॉटलाइन खरंच सुरू झाली. ३० मे १९६४ रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं.

आज हे का वाचायचं?

अमेरिका आणि रशियाच्या मोठ्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या 'न्यू स्टार्ट' कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच ठरली होती. दुसरीकडे, माणसाला न विचारता लक्ष्य निवडणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांवर जिनिव्हात २०१४ पासून नुसत्या चर्चा सुरू आहेत. सिलार्ड यांचं पेटंट निदान तिजोरीत ठेवता आलं. ड्रोन आणि सॉफ्टवेअर मात्र बाजारात मिळतात. सिलार्ड यांना नियम हवे होते ते शस्त्र बनण्याआधी. या नव्या शस्त्रांच्या बाबतीत ती वेळ झपाट्याने निघून चालली आहे.