भुतांवर काडीचा विश्वास नसलेल्या आगरकरांनी जेलमध्ये बसून भुताचं नाटक मराठीत आणलं होतं

जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा बघायला गेलात तर रात्री झोपायचं नसतं. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर मुखवटे चढवलेली सोंगं एकामागून एक नाचत येतात. आधी गणपती, सरस्वती. मग रावण, नरसिंह. शेवटाकडे जगदंबा महिषासुराला लोळवते. बारकी पोरं घाबरतातही आणि डोळे फाडून बघतातही. आज ज्या प्रकाराला डार्क फँटसी म्हणतात तो माल आपल्याकडे कधीपासूनचा आहे.

भीती दाखवून गोष्ट सांगायची ही रीत एकट्या बोहाड्याची नाही, ती सगळ्या महाराष्ट्राच्या ओळखीची. त्यामुळे १८८३ साली शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधलं भूत मराठीत अवतरलं तेव्हा ते कुणाला फार परकं वाटायचं कारण नव्हतं. नवल होतं ते आणणाऱ्या माणसाचं. ते होते गोपाळ गणेश आगरकर. महाराष्ट्रातल्या बुद्धिवाद्यांची यादी करायला बसलात तर पहिल्या दोन-तीन नावांत येणारे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरात गरिबी इतकी की शिक्षणासाठी कधी कऱ्हाड, कधी रत्नागिरी, कधी अकोला असं भटकावं लागलं. अकोल्याच्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी होते. या महाजनींनी पुढे शेक्सपिअरच्या सिंबेलाईनवरून तारा हे मराठी नाटक लिहिलं. म्हणजे शेक्सपिअर मराठीत आणायचं वेड आगरकरांच्या शाळेतच होतं म्हणायचं.

पुढे पुण्यात डेक्कन कॉलेज. कॉलेजात अंगावर घालायला एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, हा किस्सा अजून सांगितला जातो. तिथंच टिळकांशी दोस्ती झाली आणि सरकारी नोकरी करायची नाही असं दोघांचं ठरलं. ४ जानेवारी १८८१ ला केसरी सुरू झाला. त्याचे पहिले संपादक टिळक नव्हते, आगरकर होते.

आणि वर्षभरातच ते प्रकरण आलं.

कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. वय विशीच्या आतबाहेर. त्यांना वेड लागलंय असं सरकारचं म्हणणं. उलट त्यांचा छळ चाललाय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असं बाहेर बोललं जात होतं. केसरी आणि मराठा या दोन्ही पत्रांनी महाराजांची बाजू उचलून धरली. काही पत्रं हाताला लागली, त्यांच्या भरवशावर मजकूर छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झालीच. दोघांची रवानगी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात.

तिथं हे दोघे रात्र रात्र वाद घालायचे. आवाज इतका चढायचा की पहारेकऱ्यांना येऊन गप्प करावं लागे. १०१ दिवसांनी, २६ ऑक्टोबरला ते सुटले. त्या दिवसांवर आगरकरांनी नंतर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. पण त्याच तुरुंगात त्यांनी आणखी एक काम केलं. हॅम्लेट मराठीत उतरवलं, नाव दिलं विकारविलसित.

आता गोष्ट आठवा. एक तरुण राजपुत्र. बाप मेलेला, चुलता गादीवर. रात्री किल्ल्याच्या तटावर बापाचं भूत येतं आणि सांगतं की चुलत्यानं माझ्या कानात विष ओतलं, सूड घे. पोरगा वेड्याचं सोंग घेतो. सगळा दरबार त्याला वेडा समजतो. शेवटी विषारी तलवार, विषाचा प्याला आणि मुडद्यांचा खच. ज्यांना वेडं ठरवलं गेलं त्या राजाची बाजू घेतली म्हणून आत बसलेला संपादक हेच नाटक मराठीत लिहितो.

पण खरी मेख पुढे आहे. भुतानं सांगितलं म्हणून हॅम्लेट लगेच तलवार उपसत नाही. हे भूत खोटं बोलत असलं तर? म्हणून तो नाटकमंडळीकडून चुलत्यासमोर तसाच खून करवून दाखवतो आणि चुलत्याचा चेहरा बघतो. मेलेल्या बापाचा शब्दसुद्धा तपासून घेणारा नायक आहे हा. बनावट पत्रांवर विसंबून जेलात गेलेल्या माणसाच्या हातात हे नाटक पडलं, यापेक्षा नेमकी जागा त्याला मिळाली नसती. आगरकरांनी नावं देशी केली, हॅम्लेटचा चंद्रसेन केला, पण भूत काढून टाकलं नाही. काढलं असतं तर तपासायला काय उरलं असतं?

विकारविलसित १८८३ साली छापून आलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला कोल्हापूरचे ते महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असताना गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत गेले.

नाटक मात्र जगलं. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी चंद्रसेन असा काही उभा केला की इंग्रजीचं अक्षर न येणारी माणसं हॅम्लेट बघून रडत घरी गेली.

आगरकरांचं पुढचं आयुष्य सोपं नव्हतं. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, यावरून टिळकांशी फाटलं. १८८७ साली केसरी सोडला, १८८८ मध्ये सुधारक काढला. विधवांचं केशवपन, बालविवाह, श्राद्धपक्ष, सगळ्यावर पुरावा मागत लिहिलं. चिडलेल्या पुणेकरांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या दारावरून नेली. भुताला न मानणाऱ्या माणसाला गावानं जिवंतपणीच भूत करून टाकलं. १८९२ मध्ये तेच फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले.

दमा मात्र हटला नाही. १७ जून १८९५ ला ते गेले, वयाची ३९ वर्षंही पुरी नव्हती. आपल्या मागे बायकोला कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते.