मेबल आरोळे

डॉ. मेबल रजनीकांत आरोळे (जन्म : २६ डिसेंबर १९३५, जबलपूर, मृत्यू : २७ सप्टेंबर १९९९) या भारतीय डॉक्टर व सार्वजनिक आरोग्याच्या कार्यकर्त्या होत्या. पती डॉ. रजनीकांत आरोळे यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची स्थापना केली.

जीवन

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी घेतल्यावर १९६० मध्ये त्यांचा विवाह झाला. नेवासा तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना, बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच आजाराने परत येतात, हे या दांपत्याच्या लक्षात आले. कुपोषण आणि दूषित पाणी यांवर रुग्णालयात उपाय नव्हता. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले.

परिचारिकांची बदललेली भूमिका

जामखेडमध्ये प्रारंभी गावोगावी सहायक परिचारिका-प्रसाविका नेमण्यात आल्या. हा प्रयोग फसला. बाहेरून आलेल्या तरुण मुलींना खेड्यात एकटे राहणे असुरक्षित वाटे. गावातील स्त्रियाही त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत नसत. गावकऱ्यांशी झालेल्या चर्चेतून गावातीलच स्त्रीला प्रशिक्षण देण्याचा मार्ग निघाला. निवडलेल्या स्त्रिया बहुतांशी निरक्षर आणि अनेक जणी दलित समाजातील होत्या.

त्यामुळे परिचारिकेचे काम मुळापासून बदलले. बाळंतपण, लसीकरण, अतिसारावरील उपचार हे आपल्या शिक्षणाने मिळवलेले ज्ञान अक्षरओळख नसलेल्या बाईला द्यायचे आणि तिच्या निरीक्षणावर विश्वासही ठेवायचा, हे रुग्णालयाच्या शिस्तीत घडलेल्या परिचारिकांना सहज पचणारे नव्हते. मेबल यांनी आदेशापेक्षा एकत्र शिकण्यावर भर दिला. डॉक्टरांनी परिचारिकांना आणि परिचारिकांनी कार्यकर्त्यांना शिकवावे, अशी साखळी उभी राहिली. कार्यकर्त्या दर आठवड्याला जामखेडला मुक्कामी येत. परिचारिका फिरत्या पथकातून गावात जाऊन अवघड रुग्ण तपासत व कार्यकर्तीला साहाय्य करीत. प्रकल्पाच्या यशाचे श्रेय बहुधा ग्राम आरोग्य कार्यकर्त्यांना मिळते. परिचारिकांनी अधिकार वाटून दिला नसता तर त्यांना कामाला वावच मिळाला नसता, ही बाजू मात्र मागे पडते.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला.

लेखन व सन्मान

जागतिक आरोग्य संघटनेच्या 'हेल्थ बाय द पीपल' (१९७५) या ग्रंथात दांपत्याचा जामखेडवरील लेख आहे. १९७९ मध्ये दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 'जामखेड' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले.