बाजारहाटाचे गणित मांडणारे भास्कराचार्य

सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलवीडचे भास्कराचार्य शके १०३६ मध्ये, म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मले. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील अंकगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’.

या भागाच्या आरंभी नाण्यांची व मापांची कोष्टके आहेत. वीस कवड्यांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क. पुढील उदाहरणेही व्यवहारातलीच. तीन सप्तमांश निष्काला अडीच पळे केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती? आचार्यांची रीत सरळ आहे. मोल, त्याचे फळ आणि इच्छा ही तीन पदे ओळीने मांडावीत. फळाला इच्छेने गुणून मोलाने भागावे. अडीच नवे साडेबावीस. त्याला तीन सप्तमांशाने भागले की साडेबावन्न पळे. हेच त्रैराशिक शाळांतून आजही शिकवले जाते.

लीलावती ही आचार्यांची कन्या, घटिकापात्रात मोती अडकून तिचा विवाहमुहूर्त टळला, ही कथा सर्वतोमुखी आहे. मात्र ती मूळ ग्रंथात नाही; फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरातून ती पसरली.

आचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटणे येथे मठ स्थापला. १२०७च्या सुमाराचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मठाला दिलेल्या दानांची नोंद त्यात आहे. त्यांत दर घाण्यामागे पळीभर तेलही आहे.