जॅक ओ'कॉनर : एका काडतुसाचा भाष्यकार

हरिणाच्या शिकारीसाठी कोणते काडतूस उत्तम, हा अमेरिकेतील शिकाऱ्यांमधील जुना आणि अद्याप न मिटलेला वाद आहे. या वादात एक नाव हमखास घेतले जाते, ते जॅक ओ'कॉनर यांचे. '.२७० विंचेस्टर' या काडतुसाला जी प्रतिष्ठा लाभली, तिचा मोठा वाटा या प्राध्यापक-पत्रकाराच्या लेखणीकडे जातो. मात्र त्यांचे नाव आणि हा आकडा यांची गाठ इतकी घट्ट बसली, की त्यांचे मूळ प्रतिपादन काहीसे झाकोळले गेले. काडतुसाचे मोल त्याच्या ताकदीवर ठरत नाही, गोळी जनावराच्या मर्मावर बसते की नाही यावर ठरते, हे ते प्रतिपादन होते.

ओ'कॉनर यांचा जन्म २२ जानेवारी १९०२ रोजी ॲरिझोनात झाला. ॲरिझोनाला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. तो १९१२ मध्ये मिळाला. आई-वडील विभक्त झाल्याने टेम्पी गावात आजोळच्या छायेत त्यांचे बालपण गेले. बंदूक आणि रानवाटा यांची ओळख आजोबांमुळे झाली. काही काळ नौदलात काढल्यानंतर त्यांनी आर्कान्सा विद्यापीठाची पदवी आणि पुढे मिसुरी विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेतली. १९२७ मध्ये एलिनॉर बॅरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३० मध्ये त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे टूसॉन येथील ॲरिझोना विद्यापीठात ते इंग्रजी शिकवू लागले आणि तेथील पत्रकारितेचे पहिले प्राध्यापकही ठरले.

विंचेस्टर कंपनीने १९२५ मध्ये आपल्या 'मॉडेल ५४' या रायफलीसोबत '.२७०' बाजारात आणले. त्याची कल्पना साधी होती. अमेरिकी लष्कराच्या '.३०-०६' या काडतुसाच्या धर्तीवरील पितळी नळकांड्याची मान अरुंद करून त्यात ०.२७७ इंच व्यासाची बारीक गोळी बसविण्यात आली. १३० ग्रेन, म्हणजे सुमारे ८.४ ग्रॅम वजनाची ही गोळी सेकंदाला ३,१४० फूट वेगाने सुटते, असा कंपनीचा दावा होता. त्या काळी हरिणाच्या शिकारीत लोकप्रिय असलेल्या '.३०-३०' काडतुसाची १७० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,२०० फूट वेगाने जात असे. दाट जंगलात पन्नास-साठ यार्डांवर उभ्या हरिणासाठी ती पुरेशी होती. ॲरिझोनाच्या उघड्या डोंगराळ प्रदेशात मात्र ती अपुरी पडे.

तेथील 'कूज' जातीचे हरिण अंगाने लहान आणि विलक्षण सावध. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन जेमतेम ४५ किलोच्या आसपास असते. करड्या रंगामुळे ते खडकांत मिसळून जाते आणि बहुधा दरीपलीकडच्या उतारावरच दृष्टीस पडते. अशा वेळी अंतराचा अंदाज चुकला की नेम चुकतो. '.२७०'चे मर्म येथेच होते. वेगवान गोळी कमी झुकते. शंभर यार्डांवर गोळी ३ इंच वर लागेल अशी रायफल जुळवून घेतली, तर सुमारे २७५ यार्डांवर ती नेमक्या बिंदूवर येते आणि तीनशे यार्डांवरही दोनेक इंचच खाली उतरते. हरिणाच्या छातीतील हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण ८ इंचांचा असतो. त्यामुळे शिकाऱ्याला हिशेब मांडत बसावे लागत नाही. छातीच्या मध्यावर नेम धरणे पुरते. ओ'कॉनर यांनी आपल्या लेखनातून ही जुळणी असंख्य वाचकांना समजावून दिली.

या काडतुसाबद्दल तक्रारीही होत्या. जवळून बार टाकल्यास वेगवान गोळी मांसाची नासाडी करते, असे अनेकांचे म्हणणे पडले. कंपनीने मग १५० ग्रेनची मंद गतीची गोळीही काढून पाहिली. पण ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. वेग घालविला की या काडतुसाचे वैशिष्ट्यच उरत नाही, हे त्यातून सिद्ध झाले. दोष वेगापेक्षा गोळीच्या घडणीत अधिक होता. शिशाचा गाभा आणि तांब्याचे आवरण यांची रचना सुधारत गेली, तसतशा या तक्रारी कमी होत गेल्या.

'आउटडोअर लाइफ' या मासिकात ओ'कॉनर १९३० च्या दशकापासून लिहू लागले आणि पुढे त्याच्या बंदूकविषयक विभागाचे संपादक झाले. १९४५ मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि १९४८ मध्ये कुटुंबासह आयडाहो राज्यातील लुइस्टन येथे मुक्काम हलविला. त्याच राज्यात त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी एल्मर कीथ राहत होते. पाळलेल्या गुरांत वाढलेले कीथ जाड, जड आणि मंद गतीच्या गोळीचे पुरस्कर्ते. धिप्पाड एल्क पाठमोरा पळत असताना गोळी खोलवर गेली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यात तथ्यही होते. ओ'कॉनर यांची भूमिका वेगळी होती. अवजड काडतुसाचा धक्का खांद्याला बसतो, त्या भीतीने शिकारी चाप ओढताना दचकतो आणि गोळी भलतीकडेच जाते. पोटात किंवा पायात लागलेली मोठी गोळीही हरिणाला लवकर मारत नाही. ते रानात दूरवर जाऊन तडफडत मरते आणि शिकाऱ्याच्या हातीही लागत नाही. म्हणून ज्या रायफलीवर हात बसला आहे तीच वापरावी आणि नेमाची खात्री नसल्यास बार टाकू नये, ही शिस्त त्यांना महत्त्वाची वाटे.

या विचाराचा सर्वांत मोठा पुरावा त्यांच्या घरातच होता. एलिनॉर स्वतः निष्णात शिकारी होत्या आणि त्यांची आवडती रायफल '.२७०' नव्हती. १८९० च्या दशकातील जर्मन '७ बाय ५७ माउझर' हे सौम्य धक्क्याचे आणि कमी वेगाचे काडतूस त्या वापरीत. हरिणांपासून आफ्रिकेतील मोठ्या जनावरांपर्यंत त्यांनी त्यावर यश मिळविले. नेम अचूक असला की काडतुसांमधील शे-दोनशे फुटांच्या वेगाच्या फरकाला फारसा अर्थ उरत नाही, हे ओ'कॉनर जवळून पाहत होते. '.३०-०६'चेही ते मोकळेपणाने कौतुक करीत.

१९५५ मध्ये ते शिकारीसाठी भारतातही आले होते. तो काळ आता इतिहासजमा झाला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतातील शिकारीचे पर्व संपविले. योगायोग असा, की त्याच वर्षी ओ'कॉनर यांनी 'आउटडोअर लाइफ'चा निरोप घेतला. २० जानेवारी १९७८ रोजी, शहात्तराव्या वाढदिवसाच्या दोनच दिवस आधी, हवाईहून परतताना जहाजावर हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

लुइस्टनमध्ये २००६ साली त्यांच्या नावाचे संग्रहालय उभे राहिले. २०२५ मध्ये '.२७०'ने शंभरी गाठली. दरम्यान त्याहून वेगवान आणि आधुनिक अशी कितीतरी काडतुसे आली. गोळीचा वेग आता कारखान्यातून तयार मिळतो. चाप ओढायचा की नाही, हा निर्णय मात्र आजही शिकाऱ्यालाच घ्यावा लागतो. ओ'कॉनर यांचे लेखन त्या निर्णयाविषयी होते.