कप्तान शौकत अली

नेकनूरमध्ये पोरं बॅट घेऊन निघाली की आपण घरातून ओरडतोच, अभ्यास कोण करणार? मौलाना शौकत अली आपल्याला खिलाफत चळवळीमुळे माहीत आहेत. त्याआधी मात्र ते अलीगड कॉलेजच्या क्रिकेट टीमचे कप्तान होते.

१८७३ साली रामपूरला जन्म. वडील लवकर वारले, बी अम्मांनी मुलांना वाढवलं, शिकवलं. अलीगडमध्ये तेव्हा विद्यार्थ्यांची अंजुमन अल-फर्ज होती. गरीब मुलांच्या शिक्षणासाठी विद्यार्थी सुट्टीत फिरून चंदा जमवायचे. कौमसाठी हात पसरण्यात लाज कसली, हे शौकत अलींनी त्याच वातावरणात पाहिलं असणार, असं आम्हाला वाटतं.

कारण पुढे अफू खात्यात सरकारी नोकरी केलेला हा माणूस १९११ मध्ये आगा खानांसोबत अलीगड विद्यापीठाच्या निधीसाठी गावोगाव फिरला. मग मुंबईत हाजींच्या खिदमतीला लागला. १९१५ ते १९१९ नजरकैद, त्यातली बरीच वर्षं छिंदवाड्यात. सुटल्यावर गांधीजींबरोबर देशभर दौरे, १९२१ मध्ये कराची खटल्यात पुन्हा तुरुंग. नंतर गांधीजींशी बिनसलं, ते वेगळं प्रकरण.

१९३८ मध्ये दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला. कबर जामा मशिदीजवळ आहे.