घोकंपट्टीविरुद्धचे दिवास्वप्न

पाठ झाले की ज्ञान झाले, ही आपल्या शिक्षणव्यवस्थेची जुनी समजूत. तिला आव्हान दिले ते शिक्षणशास्त्राच्या पंडिताने नव्हे, तर एका वकिलाने. गिजुभाई बधेका यांचा जन्म १८८५ साली सौराष्ट्रात झाला. १९१३ साली पुत्रप्राप्ती झाल्यावर त्याच्या शिक्षणाच्या विवंचनेतून ते माँटेसरीच्या विचारांकडे वळले. १९१६ साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० साली तेथे बालमंदिर उभे राहिले. छडी आणि धाक यांची जागा गोष्ट, गाणे व खेळ यांनी घेतली. ताराबाई मोडक यांनी तेथे कार्य केले आणि पुढे हेच व्रत बोर्डी व कोसबाड येथे नेले.

परंतु गिजुभाईंचे खरे धाडस 'दिवास्वप्न' या पुस्तकात आहे. त्यातील काल्पनिक शिक्षक निराळी शाळा मागत नाही. तो सामान्य शाळेतील इयत्ता चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो, गोष्टींनी मुलांना जिंकतो आणि पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभारतो. साहेब तेच, सहकाऱ्यांचा उपहासही नित्याचाच.

गिजुभाई १९३९ साली निवर्तले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी केली. घोकंपट्टीला मात्र कायद्याने हटविता येत नाही. मूठभरांसाठी प्रयोगशाळा काढणे त्यामानाने सोपे आहे. गावच्या चौथीच्या वर्गात ते स्वप्न उतरते का, हीच त्याची कसोटी होय.