नवऱ्यासोबत राहता यावं म्हणून तिनं सिरीयल केली, अन् टीव्हीचा धंदाच बदलला

फ्रेंड्स बघताना मागून प्रेक्षकांचं हसणं ऐकू येतं ना? समोर प्रेक्षक बसवायचे अन् तीन-चार कॅमेरे लावून एकदमच फिल्मवर शूट करायचं, ही पद्धत रुळवली १९५१ च्या आय लव्ह लुसी या अमेरिकन सिरीयलनं. आणि या सगळ्याच्या मुळाशी साधी गोष्ट होती. लुसिल बॉलला नवऱ्यासोबत राहायचं होतं.

लुसिलचा जन्म १९११ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाऊनचा. हॉलिवूडमध्ये तिनं ढीगभर सिनेमे केले, पण टॉपची हिरॉईन काही झाली नाही. १९४० मध्ये तिनं क्युबातून आलेल्या डेसी आर्नाझशी लग्न केलं. डेसीचा स्वतःचा बँड, त्यामुळं तो कायम दौऱ्यावर.

१९५० च्या सुमारास सीबीएसनं तिचा रेडिओवरचा विनोदी कार्यक्रम टीव्हीवर आणायचं ठरवलं. तिची अट एकच, टीव्हीवरचा नवरा डेसीच पाहिजे. चॅनेलवाले बिचकले. क्युबन ढंगाचं इंग्रजी बोलणारा नवरा अमेरिकेतल्या लोकांना पटेल का, ही त्यांना शंका. मग दोघं स्टेज शो घेऊन गावोगाव फिरले. लोकांनी डोक्यावर घेतलं अन् चॅनेल नमलं.

पुढचा घोळ म्हणजे प्रायोजकाला कार्यक्रम न्यूयॉर्कमधून लाईव्ह हवा होता. या जोडीला कॅलिफोर्नियातलं घर सोडायचं नव्हतं. तोडगा निघाला फिल्मवर शूटिंगचा, पण ते महागडं. म्हणून त्यांनी मानधन कमी घेतलं अन् बदल्यात भागांची मालकी आपल्या डेसिलू कंपनीकडे ठेवली. फिल्मवर असल्यानं हे भाग पुन्हा पुन्हा दाखवता आले, विकताही आले.

किस्से तर भरपूर. चॉकलेट फॅक्टरीचा १९५२ चा भाग आजही व्हायरल होतो. पट्ट्याचा वेग वाढत जातो अन् लुसी चॉकलेटं तोंडात, टोपीत, कपड्यांत कोंबत सुटते. त्यात तिच्या शेजारी बसलेली बाई खरोखरची चॉकलेट बनवणारी कारागीर होती.

त्याच वर्षी लुसिलला दिवस गेले. लपवण्याऐवजी ते कथेतच घेतलं. पण चॅनेलनं गरोदर हा शब्दच वापरू दिला नाही. वर स्क्रिप्ट कॅथलिक पाद्री, प्रोटेस्टंट धर्मगुरू अन् ज्यू रब्बी अशा तिघांच्या नजरेखालून गेली.

१९ जानेवारी १९५३. सकाळी सिझेरियननं लुसिलला मुलगा झाला आणि रात्री टीव्हीवरच्या लुसीलाही मुलगाच झाला. अंदाजे ४.४ कोटी लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या आयझेनहॉवर यांच्या शपथविधीलाही एवढे प्रेक्षक नव्हते.

१९५७ मध्ये १८० भागांनंतर ही सिरीयल थांबली, मग एक-एक तासाचे स्पेशल भाग आले. डेसीची दारू अन् बाहेरची प्रकरणं मात्र थांबली नाहीत. मार्च १९६० मध्ये शेवटच्या स्पेशलचं शूटिंग आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी लुसिलनं घटस्फोटाचा अर्ज केला.

१९६२ मध्ये तिनं डेसीचा हिस्सा विकत घेतला आणि एवढा मोठा स्टुडिओ चालवणारी हॉलिवूडमधली पहिली बाई ठरली. स्टार ट्रेक आणि मिशन इम्पॉसिबल या सिरीयल तिच्याच काळात तिथं सुरू झाल्या. १९८९ मध्ये ती गेली.

जे लग्न टिकावं म्हणून तिनं हा खटाटोप केला, ते २० वर्षांत मोडलं. सिरीयलचे रिपीट मात्र अजून चालूच आहेत.